पानशेतवरचा लेख मुलं गोष्टीसारखा वाचतात, काय करावं?

प्रश्न
पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं (१२ जुलै १९६१), त्यावरचा एक दीर्घ लेख नववीला ललितेतर गद्याचा नमुना म्हणून द्यायचाय. मुलं तो गोष्टीसारखा वाचतात आणि उत्तरात 'निसर्गाचा कोप' लिहून मोकळी होतात. लेखकाची मांडणी त्यांना दाखवायची कशी?

उत्तर १
क्रियापदं धरा. 'धरण फुटलं' यात कर्ता धरणच. 'दरवाजाचं काम राहून गेलं' यात तर माणूसच नाही! अशी वाक्यं अधोरेखित करून प्रत्येकापुढे 'कुणाकडून?' असं लिहायला लावा. बांधकाम पुरं होण्याआधीच पावसाळ्यात पाणी साठलं, विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडायच्या मार्गाच्या) दरवाजाचं काम अर्धवट होतं, विमोचकावरचा मातीचा भराव खचत गेला. यात निसर्गाचा वाटा पावसापुरता. लेखक कर्ता कुठे झाकतो नि कुठे उघडा करतो, यावरून त्याचं मत कळतं. 'माझ्या मते' हे शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

उत्तर २
वरच्याला जोडून: घटनाक्रम वेगळा काढायला लावा. पानशेत धरण आंबी नदीवर, खाली मुठा नदीवर खडकवासला धरण. सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, मग तेही धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. पुष्कळ लेखांत मधला टप्पा गळतो आणि मुलांना वाटतं, पाणी थेट शहरात शिरलं. घटनाक्रमाशेजारी लेखातल्या परिच्छेदांचे क्रमांक लिहा. लेखाची सुरुवात नदीकाठच्या घरापासून असेल, तर लेखकाने तिथूनच का सुरू केलं हा खरा प्रश्न. आणि पूर ओसरल्यावर शहराला पिण्याचं पाणी उरलं नाही, कारण ते खडकवासल्याहूनच यायचं. हे लेखात नसेल तर तेही टिपा.

उत्तर ३
पुरावा विसरू नका. धरणावर रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान ही नोंदलेली गोष्ट. पण 'त्याच्या मनात धस्स झालं' हे लेखकाला कुणी सांगितलं? चौकशी आयोगापुढची (आधी न्यायमूर्ती बावडेकर यांचा, नंतर न्यायमूर्ती नाईक यांचा) साक्ष आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांचं वजन सारखं नसतं. मृतांच्या आकड्याबाबतही तेच: सापडलेले मृतदेह मोजलेत की बेपत्ता माणसंही धरलीत?

प्रश्नकर्ता
तास एकच आहे, ३५ मिनिटांचा.

उत्तर १
मग पुरावा पुढच्या तासाला. धरण फुटतं तो एकच परिच्छेद घ्या, त्यातली क्रियापदं फळ्यावर लिहा.