आजोबांची ठासणीची बंदूक : दुरुस्ती करावी, सुधारणा करावी की तशीच ठेवावी?

नौपाड्याचा नातू (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. मूळ गाव कुडाळ तालुक्यात आहे. गावच्या घरी आजोबांच्या काळापासून एकनळी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची) बंदूक आहे. तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांनंतर वडिलांच्या नावावर झाला आणि तो आजही चालू आहे. आजोबा तिला घेऊन पारधीला जात, असे घरात सांगतात. वडिलांनी मात्र ती भातात शिरणारी डुकरे आणि बागेतली माकडे हुसकावण्यापुरतीच वापरली, आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत तिला कोणी हातही लावलेला नाही. वडील आता बहात्तर वर्षांचे आहेत.

यंदा गणपतीला गावी गेलो असताना वडिलांनी ती पेटीतून बाहेर काढली. नळीवर तांबूस गंज चढला आहे. ज्यावर केप (घोड्याच्या माराने ठिणगी देणारी छोटी टोपी) बसते ते निपल जागीच जाम झाले असून त्याचे तोंड ठेचल्यासारखे दिसते. घोडा पूर्ण मागे ओढला की नीट थांबतो, पण अर्ध्यावर टिकत नाही. कुंद्याला (लाकडी दस्त्याला) मुठीपाशी चीर गेली आहे आणि ती आजोबांनीच कधीतरी तांब्याच्या तारेने आवळून बांधलेली आहे. लाकडी गज तेवढा शाबूत आहे.

परदेशी चित्रफितींमध्ये जुन्या शिकारी रायफलीचे निपल काढून तिथे आधुनिक काडतुसाचा प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेली, ठिणगी देणारी टिकली) बसेल अशी जोडणी करताना दाखवतात, आणि ते काम अर्ध्या तासाचे वाटते. वागळे इस्टेटमध्ये माझ्या मित्राचे लेथचे वर्कशॉप आहे व तो आटे पाडून द्यायला तयार आहे. तशी सुधारणा करून घ्यावी का, नळी बफिंग करून काळी-निळी करून घ्यावी का, आणि कुंदा नवा घडवावा का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. तिचा बार पुन्हा एकदा ऐकावा, अशी वडिलांची इच्छा आहे.

नेरूळचा जुना नेमबाज

आपण तीन प्रश्न विचारलेत, पण त्या तिघांच्याही आधीचा एक प्रश्न राहिला आहे : बंदूक भरलेली आहे की रिकामी? काडतुशीची बंदूक मधून उघडून पाहता येते. ठासणीची पाहता येत नाही. भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी बार भरून ठेवायचा आणि डुकरे आली नाहीत तर बंदूक तशीच खुंटीला लावायची, ही कोकणातली जुनी सवय आहे. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षांनी निकामी होत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ मध्ये एक संग्राहक तेथील यादवी युद्धातला, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा तोफगोळा साफ करत असताना तो फुटला आणि त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा बारा-तेरा वर्षे हा काही मोठा काळ नव्हे.

तपासण्याची रीत सोपी आहे, मात्र ती परवानाधारकाने म्हणजे वडिलांनीच करावी. निपलवर केप किंवा जुन्या केपेचा चुरा नाही हे आधी पाहावे, घोडा खाली असावा आणि नळीच्या तोंडासमोर कोणाचेही अंग येऊ नये. गज अलगद आत सोडावा, ठोकू नये. तो थांबला की नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीने खूण करावी. मग गज बाहेर काढून, ती खूण नळीच्या तोंडाशी धरून, तो नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक निपलच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी आहे. ते दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. तो बार असेल, चिंधीचा बोळा असेल किंवा कुंभारीण माशीने केलेले मातीचे घरही असेल. काय आहे हे ठरवण्याचा मोह मात्र घरी करू नये. काही जण पाणी ओतून मोकळे होतात. दारू भिजते हे खरे, पण आतपर्यंत पूर्ण भिजली की नाही हे बाहेरून कळत नाही. तापवणे आणि ड्रिल घालणे यांचा तर विचारही नको.

दुसरी गोष्ट शब्दाची आहे. आपण चित्रफितीतल्या रायफलीशी तुलना केलीत, पण आपली बंदूक रायफल आहे का? नळीच्या तोंडाशी आत पिळदार खाचा दिसल्या तर ती रायफल. आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक, जिच्यात छर्रेही भरता येतात आणि गोळीही. आपल्याकडच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्याच असतात.

वागळे इस्टेटचा निवृत्त फिटर

नेमबाज साहेबांनी सांगितलेली तपासणी झाल्याशिवाय माझे पुढचे काहीही अमलात आणू नये.

आयुष्यभर टूलरूममध्ये काम केल्यामुळे आट्यांबद्दल थोडे अधिकाराने लिहितो. हल्ली अमेरिकेत बनलेल्या पुष्कळ ठासणीच्या रायफलींच्या निपलला पाव इंच व्यासाचे, इंचाला अठ्ठावीस असे आटे असतात, तर इटलीत बनलेल्या कित्येकांना सहा मिलिमीटर व्यासाचे आणि पाऊण मिलिमीटर अंतराचे असतात. एक ६.३५ मिलिमीटर, दुसरा ६. दिसायला दोन्ही सारखेच, आणि मोठ्या भोकात लहान निपल दोन-तीन फेरे धरल्यासारखेही वाटते. पण बार उडताना मागच्या बाजूचा सगळा दाब त्याच आट्यांवर येतो, आणि सुटलेले निपल उडते ते नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने. आपल्या बंदुकीचे आटे या दोन्हींपैकी कोणतेच नसण्याची शक्यता अधिक आहे, कारण जुन्या कारागिरांचे आटे ज्याच्या त्याच्या टॅपप्रमाणे (आटे पाडण्याच्या हत्याराप्रमाणे) असत.

निपलचे तोंड ठेचले गेले आहे ते केप नसताना घोडा आपटत राहिल्यामुळे. बहुतेक घरांत हे काम लहानपणी नातवंडांनी केलेले असते, तेव्हा आठवून पाहा. निपलच्या तळाशी असलेले छिद्र जेमतेम पाऊण मिलिमीटरचे असते. वापराने ते झिजून मोठे झाले की बाराचा वायू उलटा फिरतो, घोडा मागे उचलला जातो आणि केपेचे तुकडे उडतात. घोड्याच्या तोंडाला वाटीसारखी खोलगट जागा असते ती हे तुकडे आवरण्यासाठीच, म्हणून नवे निपल बसवताना घोडा त्यावर बरोबर मध्यावर येतो की नाही हेही पाहावे लागते.

आता त्या सुधारणेबद्दल. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. त्या हंगामासाठी टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये नळीच्या सरळ रेषेत मागून केप पेटवणारी रायफल बाजारात आणली, ती पद्धत रुळली, आणि पुढे केपेच्या जागी छऱ्याच्या काडतुसाचा जास्त गरम प्रायमर आला. त्या नळ्या आधुनिक पोलादाच्या असतात. आपली नळी कदाचित लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत सांधलेली असेल. अशा नळीत सांध्यांच्या आत गंज शिरलेला असतो आणि तो वरून दिसत नाही. तिला जास्त जोराची ठिणगी देऊन मिळणार काय? केप वेळेवर पेटत नसेल तर दोष बहुधा झिजलेल्या निपलचा, ठिणगीच्या तेलकट वाटेचा किंवा थकलेल्या कमानीचा (स्प्रिंगचा) असतो, आणि या तिन्हींवर उपाय आहे. काडतुसातली बिनधुराची दारू तर या नळीत चिमूटभरही जाता कामा नये. तिचा दाब ही नळी सोसणार नाही.

खरी काळजी मला वाटते ती अर्ध्यावर न टिकणाऱ्या घोड्याची. आतल्या फिरत्या तुकड्यावर दोन खाचा असतात. पहिल्या खोल खाचेत चापाची पट्टी अडकली की चाप ओढूनही घोडा पडत नाही. संपूर्ण बंदुकीत सुरक्षेची सोय म्हणावी अशी तेवढीच एक आहे. ती खाच झिजली असेल किंवा पट्टीचे टोक तुटले असेल. हे कानस मारून सुधारत नाही. तुकडा भरून, पुन्हा कडक करून घ्यावा लागतो. आणि आपल्या मित्राला लेथवरून परत पाठवा. तो कितीही चांगला कारागीर असला, तरी त्याला हे काम करण्याचा अधिकार नाही.

बेलापूरचा वकील

फिटर साहेबांचे शेवटचे वाक्य कायद्यानेही तंतोतंत खरे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणे व विकणे याप्रमाणेच ती दुरुस्त करणे, तिची चाचणी घेणे आणि तिचे रूपांतर करणे यांसाठीही स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना वडिलांकडे आहे म्हणून मित्राच्या वर्कशॉपला तो लागू होत नाही. काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेच द्यावे आणि त्याची पावती परवान्यासोबत जपावी.

“ही तर पुराणवस्तू, हिला कशाला परवाना” असे सांगणारे पुष्कळ भेटतील. कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणमूल्य असलेल्या शस्त्रांना सूट आहे हे खरे, परंतु ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट तिथेच आहे. ज्या बंदुकीच्या दुरुस्तीची आपण इथे चर्चा करत आहोत, ती त्या सुटीत कशी बसेल?

वडिलांच्या वयाचा विचार करता वारसा नोंदवण्याचे काम आताच हाती घ्यावे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावरही कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र शेतीसंरक्षणाचा परवाना हा शेतासाठी आणि त्या भागापुरता दिलेला असतो. ठाणे शहरात परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त, तर आपल्या गावासाठी जिल्हाधिकारी. म्हणून बंदूक ठाण्याला आणण्यापूर्वी परवान्यावरील क्षेत्र वाचावे आणि लेखी परवानगी घ्यावी. ती कोणाच्या गाडीतून, वडिलांच्या गैरहजेरीत आणू नये.

बार ऐकण्याच्या इच्छेविषयीही लिहितो, कारण येऊरच्या जंगलाचे नाव अशा वेळी कोणीतरी काढतेच. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेणे हाच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. गावातही शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती अधिकृत वन अधिकाऱ्याकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते.

नौपाड्याचा नातू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवाळीत गावी गेलो तेव्हा वडिलांनी आपण सांगितल्याप्रमाणे गज टाकून पाहिला. गजाचे टोक निपलच्या सुमारे सात सेंटिमीटर अलीकडे थांबले. आम्ही तिला पुढे हात लावला नाही. नळीच्या तोंडाशी खाचा दिसत नाहीत, म्हणजे ती रायफल नव्हे. घोडा आपटण्याचा आरोप मात्र मला मान्य आहे. मी आणि माझा चुलतभाऊ दोघेही त्यात होतो. आणि त्या वेळी आत काय होते हे आज कळते, तेव्हा अंगावर काटा येतो.

कळव्याची लाकूडकामवाली

जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे नळी आणि घोड्याबद्दल बोलणार नाही, पण कुंदा बदलण्याच्या विचाराला माझा विरोध आहे. मुठीपाशीच चीर जाते, कारण तिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि धक्का तिथूनच खांद्याकडे जातो. तार सोडण्यापूर्वी तिचे फोटो काढून ठेवा. चिरेत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असेल तर कोणताही गोंद धरणार नाही, म्हणून आधी ते तेल शोषून काढणे हेच खरे काम, आणि त्याला काही दिवस लागतात. जोड पक्का झाल्यावर तीच तार परत गुंडाळावी, असे माझे मत आहे. आजोबांच्या हातचे तेवढेच काम त्या बंदुकीवर उरले आहे. वरून पॉलिश किंवा वॉर्निश नको. जवसाचे तेल बोटाने अगदी पातळ चोळून, प्रत्येक थर वाळू देऊन लावले तर पुरते.

वागळे इस्टेटचा निवृत्त फिटर

ताईंशी सहमत, तारेसकट. फक्त बंदूक यापुढे वाजवायची असेल तर तारेवर विसंबता येणार नाही; तो निर्णय नळी तपासून झाल्यावर कारागिराला घेऊ द्या.

नळीला बफिंग करू नका. कुंद्यातून नळी सुटी केल्यावर तिच्या खालच्या बाजूला, मागच्या टोकाजवळ छाप शोधायला कारागिराला सांगा. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड दिसले तर ती नळी बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून गेलेली आहे. ते चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. शेजारी १६ सारखा आकडा असेल तर त्याचा अर्थ एक पौंड शिशाच्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत बसते, म्हणजे नळी आतून साधारण १६.८ मिलिमीटरची आहे. घोड्याच्या पट्टीवर नुसते “लंडन” कोरलेले असेल तर त्यावर भाळू नये. ते नाव कोणीही कोरत असे. बफिंगच्या चाकाखाली हे छाप आधी जातात, नळीची जाडी नंतर. गरम क्षारात बुडवून निळे करण्याची पद्धतही इथे चालत नाही, कारण नळीच्या खाली गजाची पट्टी डाखलेली असते आणि ते डाखकाम त्यात सुटते. अगदी बारीक लोखंडी लोकर आणि पातळ खनिज तेल घेऊन, हाताने, सुटा गंज तेवढा काढायचा. खाली जो तपकिरी रंग घट्ट बसलेला आहे, तो बहुधा मुद्दाम चढवलेला आहे.

नौपाड्याचा नातू

जिल्ह्यातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याशी वडील बोलले आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवून, त्यांचा कारागीर घरी येऊन आतला बार काढणार आहे. त्यानंतरच बंदूक त्यांच्या दुकानात जाईल. निपल आणि घोड्याची खाच एवढेच काम सांगितले आहे, प्रायमरची जोडणी रद्द. आत छर्रे आहेत की गोळी, असे कारागिराने विचारल्यावर वडिलांनी बराच वेळ विचार केला आणि मग सांगितले की एकच गोळी आहे, वर नारळाच्या काथ्याचा बोळा आहे, आणि ज्या रात्री तो बार भरला त्या रात्री डुकरे आलीच नाहीत.