योगा मॅट काढून टाका

व्हिडिओ बघून ताय ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) करू नका, गुडघे जातात, असं एकांनी म्हटलंय. गुडघ्यांचं खरं आहे, पण दोष व्हिडिओचा नाही असं मला मनापासून वाटतं. माझाही उजवा गुडघा दीड महिन्यात ठणकायला लागला होता. कारण सापडलं ते स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या आईला: "अगं, पाऊल जागच्या जागी आणि कंबर वळतेय, मधे गुडघा पिळतोय ना!" मी योगा मॅटवर करत होते, त्यावर पाऊल फिरतच नाही. आता साध्या फरशीवर, पातळ तळव्याच्या बुटांत करते. वळायच्या आधी वजन मागच्या पायावर, मग पुढचं पाऊल टाचेवर फिरवायचं, मग वजन पुढे. गुडघा कायम पायाच्या बोटांच्या दिशेला. व्हिडिओत हे सगळं दिसतं, पण आपली नजर हातांवरच खिळलेली असते. म्हणून आधी आठवडाभर हात कमरेवर ठेवून फक्त पायच करा.

व्हिडिओ शिक्षक पाठमोरे असलेलाच घ्या, नाहीतर डावं-उजवं उलटं होतं. १९५६ साली चीनमध्ये ताय चीच्या यांग शैलीतून बेतलेला २४ हालचालींचा संच सुरुवातीला बरा, पाच-सहा मिनिटांत होतो. मी अजून पहिल्या आठांवरच आहे.