ब्रेक ऑइल विसरलात की!

गाडीत आधी काय बदलायचं याच्या वरच्या यादीत कोन फिल्टर (इंजिनाच्या हवेचा शंकूसारखा उघडा फिल्टर) आणि फ्री-फ्लो एक्झॉस्टला (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर) पहिला नंबर दिलाय, ते नाही पटलं. टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाला त्यातून मुख्यतः आवाज मिळतो, आणि उघडा कोन फिल्टर तर बॉनेटखालची गरम हवाच ओढत बसतो. टायर आधी म्हणणाऱ्यांशी मात्र सहमत. माझ्या जुन्या स्विफ्टचे १६५/८० आर१४ मापाचे टायर काढून वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर१५ घातले. व्यासात फरक जेमतेम २ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर गंडत नाही.

पण ब्रेक ऑइलचं कुणीच काढलं नाही! चौघं आणि डिकीभर सामान घेऊन ताम्हिणी घाट उतरत होतो, निम्म्यात पेडल स्पंजासारखं आत जायला लागलं. दुसऱ्या गिअरवर कशीबशी कडेला घेतली, चाकांजवळ जळका वास. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ब्रेक ऑइलची डबी उघडली तर आत कोरा चहा! हे ऑइल पेडलचा दाब चाकांपर्यंत नेतं, पण हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. मग वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबतो ते बुडबुडेच, पॅड नव्हे. दर दोन वर्षांनी बदलतो आता, कोन फिल्टरच्या मानाने खर्च किरकोळ. फक्त आकडा मोठा म्हणून डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ वाल्या ब्रेकमध्ये चालत नाही.