‘ग्रोक’ला मराठीत काय म्हणावं?

निरंजन_७: कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. २०२२ च्या एका शोधनिबंधात ‘ग्रोकिंग’ असा शब्द आहे. अंकगणिताचे छोटे प्रश्न शिकवताना न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) आधी दिलेली उत्तरं नुसती पाठ करतं आणि नव्या प्रश्नांवर आपटतं. शिकवणं तसंच रेटत राहिलं, की खूप उशिरा एकदम नवे प्रश्नही सोडवायला लागतं. मी ‘आकलन’ लिहिलं. संपादकांना ते कोरडं वाटतं.

कोकणकडा: ‘ग्रोक’ हा रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ (१९६१) या विज्ञान-कादंबरीतला शब्द. मंगळावरच्या भाषेत त्याचा मूळ अर्थ ‘पिणे’. तिथे पाण्याचं दुर्भिक्ष, म्हणून पाणी पवित्र. प्यालेलं पाणी आपलंच होऊन जातं, तसं जाणणारा आणि जाणलेलं एक होणं. पुढे प्रोग्रामर मंडळींनी तो उचलला.

साळुंकी: पिणे? मग हा आपला ‘घोट’च की! घोट, घोक, ग्रोक. माझी आजी म्हणायची, पाढे घोकू नकोस, घोटून घे.

कोकणकडा: अहो ताई, लेखकाने मनाने घडवलेला शब्द आहे तो. ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आणि घोकणं तर नेमकं उलटं. नेटवर्क आधी घोकतं, मग ग्रोकतं.

मायबोलीप्रेमी: ‘ग्रोकतं’ हे क्रियापद कृपया रुजवू नका. ज्ञानेश्वरीपासून ‘आकळणे’ आहे. कळणं आणि ताब्यात येणं, दोन्ही त्यात आलं.

पैलतीर: ताब्यात येणं हीच तर अडचण. ग्रोकमध्ये जाणणारा विरघळतो, कब्जा करत नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, यमन पाठ झालाय, अजून मुरला नाही. ‘मुरणे’ घ्या.

निरंजन_७: पण मुरणं सावकाश होतं. इथे बदल एकदम दिसतो.

लॉगवाला: आमच्या कामात लॉगस्टॅश नावाच्या, लॉग (संगणकाने ठेवलेल्या कामाच्या नोंदी) हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रोक म्हणजे लॉगच्या ओळीतून तारीख, आयपी पत्ता वगैरे वेगळं काढणारा फिल्टर. त्यात ना पाणी ना अद्वैत. वापरणारे ठरवतात तोच अर्थ.

मायबोलीप्रेमी: मग कोश कशाला हवेत?

साळुंकी: एकदम असेल तर ‘उमगणे’. उमजतं ते कोणी समजावल्यावर, उमगतं ते आपलं आपल्याला.

पैलतीर: हा भेद मला पटत नाही. आमच्या घरी ‘तुझं तुला उमजेल’ असंच म्हणतात.

साळुंकी: ‘उमजून वाग’ म्हणतात, ‘उमगून वाग’ कधी ऐकलंय का?