दिल्ली–टोकियो: जाताना सव्वाअकरा तास, येताना फक्त सहा?

पलासियाकर
आई 71 वर्षांची. जानेवारीत बहिणीच्या बाळंतपणाला टोकियोला निघाली आहे, एकटीच. इंदूरहून दिल्लीपर्यंत मी सोबत आहे, पुढे ती आणि तिची डिंकाच्या लाडवांची पिशवी. एजंटने व्हॉट्सॲपवर नुसत्या वेळा पाठवल्यात. दिल्लीहून रात्री 8, टोकियो सकाळी सव्वासात. येताना तिकडून सकाळी 11, दिल्ली संध्याकाळी 5. अंतर तेच, मग असं कसं? तिची बीपीची गोळी रोज सकाळी 7 ला असते आणि गुडघ्यांमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून पक्कं कळायला हवंय.

महूवाला
दादा, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. सव्वाअकरातून साडेतीन वजा करा, पावणेआठ. सहात मिळवा, साडेनऊ. जास्त बसावं लागणार ते येताना.

पलासियाकर
मी उलटंच धरून बसलो होतो! पण तरी पावणेदोन तासांचा फरक कशाने?

मल्हारगंज_सर
वाऱ्याने. सरळ हवाई अंतर सुमारे 5,850 किमी. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जपानवर तो थंडीत सर्वात जोरात असतो, कधी कधी ताशी 300 किमीच्याही वर. जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. भूगोल शिकवायचो तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगायचो.

शिवाय सरळ रेषा तिबेटवरून जाते. तिथली जमीनच सरासरी 4,500 मीटर उंच. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लगेच 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे तेवढं उतरायला जागाच नाही. म्हणून सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात.

स्नेहनगरची_काकू
मी दोनदा जाऊन आले. आईंना कडेची सीट घ्या, खिडकीची नको. दर तासाला उठता येतं. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. गोळी मात्र पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. टोकियोत उतरतील तेव्हा आपल्याकडे पावणेचार वाजलेले असतील. लगेच घ्यायची की आपल्या सातला, म्हणजे तिकडच्या साडेदहाला, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून द्या.

पलासियाकर
काकू, आजच डॉक्टरांकडे जाऊन आलो. साडेदहालाच घ्यायची आहे. आई मनगटावरचं चावीचं एचएमटी बदलायला तयार नाही, रोज चहाआधी चावी देते. त्यात इंदूरचीच वेळ राहू देणार, सात वाजले की गोळी. कडेची सीट मिळाली, 34 सी. परतीचीही मागून घेतली.