एन्कोडर गेला तर अ‍ॅक्सिस पळू नये म्हणून दुसरा सेन्सर कुठला?

सातपूर_रेट्रोफिट
जुन्या व्हीएमसीचं (व्हर्टिकल मशिनिंग सेंटरचं) रेट्रोफिट, म्हणजे नूतनीकरण, चालू आहे. डीसी सर्वो, ±१० व्होल्टचे ड्राइव्ह, टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूच्या टोकाला २५०० लाइनचा एन्कोडर (स्क्रू किती फिरला ते पल्समध्ये सांगणारा सेन्सर), पिच १० मिमी, कंट्रोल लिनक्ससीएनसी (पीसीवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर). एन्कोडरची तार तुटली तर टेबल पळेल ही भीती. लिनिअर स्केल (टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी) बजेटमध्ये बसत नाही. प्रॉक्सीवर (धातू जवळ आला की पल्स देणाऱ्या सेन्सरवर) भागेल का?

अंबड_मेंटेनन्स
आधी मोटरच्या मागे टॅको (वेगाप्रमाणे व्होल्टेज देणारा छोटा जनरेटर) आहे का बघा. जुन्या डीसी सर्वोला बहुधा असतोच, म्हणजे एक सेन्सर फुकटात. त्याचं व्होल्टेज डिव्हायडरमधून अ‍ॅनालॉग इनपुटला घ्या. टॅको फिरतोय आणि एन्कोडरचे काउंट ३० मिलिसेकंद हलत नाहीत, की ड्राइव्हचं एनेबल (चालू राहण्याचा सिग्नल) काढा. थ्रेशोल्ड कमाल वेगाच्या २-३ टक्के, नाहीतर उगाच ट्रिप होत राहील.

फक्त फॉलोइंग एररवर (सांगितलेली जागा आणि एन्कोडरने दाखवलेली जागा यांतल्या फरकावर) विसंबू नका. अ‍ॅक्सिस चालू असताना तो पकडतो. थांबलेल्या अ‍ॅक्सिसची तार तुटली तर एरर शून्यच दिसतो आणि ड्राइव्हच्या ऑफसेटने टेबल हळूहळू सरकत राहतं. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन सिग्नलपैकी नुसता बी चॅनल गेला तर काउंट एक पुढे, एक मागे असा जागीच नाचतो, म्हणून ‘काउंट बदलतोय का’ एवढं तपासू नका, नक्की अंतर मोजा.

एमआयडीसी_पॅनल
ते हळू सरकणं टॅकोच्या थ्रेशोल्डखाली जातं, तिथे प्रॉक्सी हवाच. चार दातांची चकती थेट स्क्रूवर बसवा, एन्कोडरच्या कपलिंगवर नको. ग्रब स्क्रू ढिला झाला तर दोन्ही एकदमच फसतील. एका लाइनचे चार काउंट धरून फेरीला १०,००० काउंट, म्हणजे दाताला २५००. वेगात प्रॉक्सी उशिरा बोलतो, म्हणून ±३०० सूट द्या. दिशा बदलली की तुलना नव्याने सुरू करा. काउंट न जुळणाऱ्या एका पल्सवर ट्रिप नको, दात काठावर थरथरला तरी पल्स येतो. दुसऱ्यावर करा, टेबल जास्तीत जास्त ५ मिमी सरकलेलं असेल.

कपलिंग थोडंथोडं घसरत असेल तर प्रत्येक दाताचा फरक त्या ±३००मध्ये लपतो. एका दिशेच्या पूर्ण चालीची बेरीज तपासा. इंडेक्स (एन्कोडरचा फेरीला एकदा येणारा पल्स) ते इंडेक्स मोजून हे सापडत नाही, तिथे १०,०००च येतात.

सातपूर_रेट्रोफिट
टॅको आहे. झेडला (हेड वर-खाली नेणाऱ्या दिशेला) काय करू? आणि प्रॉक्सीच मेला तर?

अंबड_मेंटेनन्स
झेडला एनेबलबरोबर ब्रेकची सप्लायही तोडा, सप्लाय गेली की ब्रेक लागतो. ब्रेक लागेपर्यंत हेड थोडं उतरणारच. प्रॉक्सीसाठी उलटी तपासणी: एकाच दिशेने १०,००० काउंट झाले आणि एकही दात आला नाही, की अलार्म.