लान्स नायक अल्बर्ट एक्का : कामठीशी नाते कोणते आणि गंगासागरला नेमके काय घडले?

प्रश्न : कन्हानकाठ

नमस्कार. मी नागपुरातील एका शाळेत इतिहास शिकवतो. १६ डिसेंबरच्या विजय दिवसासाठी आठवीच्या मुलांनी परमवीरचक्र मिळालेल्या एका सैनिकावर भित्तिपत्रक करायचे ठरवले आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल सेंटर आपल्या शेजारी कामठीलाच असल्यामुळे त्यांनी आपणहून त्याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्‌स या पलटणीतील लान्स नायक अल्बर्ट एक्का यांची निवड केली. येथवर सारे आनंदाचे होते. परंतु कच्चा मसुदा हाती आला तेव्हा त्यातील तीन गोष्टी अशा होत्या, की तो तसाच भिंतीवर लावण्याचे धाडस मला होईना.

एक म्हणजे, त्यात एक्का यांना 'कामठीत घडलेला जवान' म्हटले आहे. दुसरे म्हणजे, १९७१ च्या युद्धात एक्का जेथे लढले ते गंगासागर नकाशावर दाखवताना मुलांनी लाल टिकली पश्चिम बंगालच्या सागरबेटावर, म्हणजे जेथे मकरसंक्रांतीची यात्रा भरते तेथे, चिकटवली आहे. आणि तिसरे म्हणजे, सगळी लढाई 'प्राणांची पर्वा न करता ते शत्रूवर तुटून पडले' या एका वाक्यात आटोपली असून त्यापूर्वीच्या सैनिकी नोकरीचा त्यात मागमूसही नाही. ते भरती केव्हा झाले, गार्ड्‌समध्ये कसे आले आणि त्या रात्री कोणत्या क्रमाने काय घडले, हे जाणकारांनी सांगितल्यास मुलांना दुरुस्ती करता येईल.

उत्तर : जुना गार्ड

सर, मी स्वतः गार्ड्‌समधूनच निवृत्त झालो असल्यामुळे कामठीचे नाव या शौर्याशी जोडले गेले की मला बरेच वाटते. तरीही पहिले विधान खोडावे लागेल. अल्बर्ट एक्का यांचा जन्म २७ डिसेंबर १९४२ रोजी तत्कालीन रांची जिल्ह्यातील जारी या गावी एका उरांव आदिवासी ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते हॉकी उत्तम खेळत, आणि जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलाला शिकारीची जी सवय असते तीही त्यांना होती. २७ डिसेंबर १९६२ रोजी, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवशी, ते बिहार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. या तारखेकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधा. चीनशी झालेल्या युद्धातील शस्त्रसंधीला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि सैन्याची मोठी वाढ सुरू होत होती. बिहार रेजिमेंटचे केंद्र दानापूरला आहे. त्यामुळे त्यांच्या अंगावर पहिली वर्दी चढली ती कामठीची नव्हे.

गार्ड्‌सशी त्यांचे नाते जुळले १९६८ मध्ये. त्या वर्षी १४ गार्ड्‌स ही नवी बटालियन उभी राहिली. नवी पलटण केवळ रंगरुटांवर उभी राहत नाही. तिला कणा यावा म्हणून इतर पलटणींतून अनुभवी माणसे घेतली जातात, आणि एक्का अशाच प्रकारे तिच्यात आले. येथे गार्ड्‌सचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. जनरल करिअप्पा यांच्या काळात, १९४९ मध्ये, ही रेजिमेंट उभारताना तिच्यात एका जातीची किंवा एका प्रांताची भरती न करता देशभरातील जवान एकत्र आणायचे असे ठरले होते. त्यामुळे छोटा नागपूरचा एक उरांव तरुण आमच्या बिल्ल्यावरचा गरुड लावून उभा राहिला, यात अपवाद असा काही नव्हता. किंबहुना ही रेजिमेंट त्यासाठीच निर्माण झाली होती.

पुढची वर्षे ईशान्य भारतातील बंडखोरीविरोधी मोहिमांत गेली. या वर्षांविषयी कोणी भाषण करत नाही. पण रात्रीची गस्त, दबा धरून बसणे, काळोखात आवाजावरून अंतर ओळखणे आणि चिखलातून बंदूक कोरडी ठेवून चालणे हे शिपाई तेथेच शिकतो. १९७१ च्या युद्धाची तयारी सुरू असताना त्यांना लान्स नायकाची फीत मिळाली. ही बढती लहान दिसते, परंतु दहा जणांच्या सेक्शनमध्ये फीत लागलेल्या माणसाकडे इतर जवान वेगळ्या नजरेने पाहू लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

उत्तर : नकाशावाला

सागरबेटावरची टिकली आधी काढून टाका. 'सारे तीरथ बार बार, गंगासागर एक बार' ही म्हण लहानपणापासून कानावर असल्यामुळे ही चूक मोठी माणसेही करतात. लढाईचे गंगासागर हे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील, आजच्या बांगलादेशातील, आखाउडाजवळचे रेल्वेस्थानक असून आगरतळ्यापासून पश्चिमेला सुमारे साडेसहा किलोमीटरवर आहे. आगरतळा सीमेला इतके खेटून आहे, की समोर आखाउडा आणि गंगासागर येथील पाकिस्तानी मोर्चे कायम असेपर्यंत तेथून सैन्य पुढे सरकवणे धोक्याचे होते. शिवाय आखाउडा हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन होते. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरला (अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या मोठ्या सैन्यदलाला) पुढे मेघना नदीकडे जायचे होते आणि त्या वाटेवरचा हा पहिलाच अडसर होता. आखाउडा ५ डिसेंबरला पडले, ९ तारखेला हेलिकॉप्टरमधून सैन्य मेघनापार उतरू लागले आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. नकाशावर हे चार टप्पे दाखवले तर गंगासागर एवढे मोलाचे का होते हे निराळे समजवावे लागणार नाही.

उत्तर : जुना गार्ड

आता त्या रात्रीविषयी. परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्रात ही हकिगत आली आहे. तिचा क्रम माझ्या शब्दांत सांगतो, कारण तुमच्या मुलांच्या वाक्यात हरवला आहे तो हा क्रमच.

३ डिसेंबरची रात्र होती. एक्का हल्ल्याच्या डाव्या बाजूच्या आघाडीच्या कंपनीत होते. तोफगोळ्यांचा आणि बंदुकांचा मारा सोसत कंपनी मोर्च्यात शिरली आणि हातघाईची लढाई जुंपली. एका बंकरमधील लाइट मशीनगन कंपनीतील माणसे टिपत आहे हे एक्का यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्या बंकरवर धाव घेतली, दोघांना संगिनीने ठार केले आणि गन बंद पाडली. यात ते गंभीर जखमी झाले. येथेच थांबून मागे नेले जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तरीही सुमारे मैलभर खोलीचा तो मोर्चा, एकामागून एक बंकर साफ करत, ते साथीदारांबरोबर पुढे लढत गेले.

मोर्च्याच्या उत्तर टोकाला एका भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्यावरून मीडियम मशीनगन सुरू झाली आणि हल्ला अडला. एक्का सरपटत इमारतीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी आत ग्रेनेड टाकला. एक शत्रुसैनिक ठार झाला, दुसरा जखमी झाला, पण गन चालूच राहिली. तेव्हा ते बाजूच्या भिंतीवरून चढून आत शिरले आणि गोळीबार करणाऱ्याला त्यांनी संगिनीने संपवले. मोर्चा हाती आल्यानंतर त्या जखमांनी त्यांचा अंत झाला.

'प्राणांची पर्वा न करता' हे खोटे नाही, मात्र अपुरे आहे. पहिल्या बंकरपाशी आपली आणि शत्रूची माणसे एकमेकांत मिसळलेली असताना त्यांनी संगीन वापरली. दुसऱ्या ठिकाणी धावत जाणे म्हणजे कारण नसताना मरणे होते, म्हणून ते सरपटले, ग्रेनेडने काम पुरे झाले नाही असे पाहताच त्यांनी वाट बदलली. आणि हे सगळे अंगातून रक्त वाहत असताना. मला तर यात बेभान माणूस दिसत नाही; नऊ वर्षांच्या नोकरीत तयार झालेला शिपाई दिसतो.

उत्तर : कन्हानकाठ

आपण दोघांनी माझे काम फारच सोपे केले. एक शंका उरते. ईशान्येत त्यांनी जी कामगिरी केली, तिच्यासाठी परमवीरचक्र मिळाले असते का? एका मुलीने हे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : पदकसंग्राहक

प्रश्न मार्मिक आहे. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी आहेत. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रे शत्रूसमोरील लढाईखेरीज अन्य शौर्यासाठी असून देशांतर्गत मोहिमांतील पराक्रमाचा विचार सहसा या दुसऱ्या गटात होतो. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. आजवर ते २१ जणांना मिळाले असून त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर मिळाले. १९७१ च्या युद्धात चार जण त्याचे मानकरी ठरले : एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि मेजर होशियारसिंग. यांपैकी पूर्व आघाडीवरचे एकटे एक्का, आणि पदक हाती घ्यायला जिवंत राहिले ते एकटे होशियारसिंग.

मराठी शाळेच्या भिंतीसाठी आणखी एक गोष्ट सुचवतो. या पदकाची रचना सावित्री खानोलकर यांनी केली. त्या मूळच्या युरोपातल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या येथल्याच झाल्या. कांस्याच्या त्या गोल पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे आहेत, फीत जांभळी आहे. मुलांना चित्र काढायचे असेल तर वज्रे चारच काढावीत; तीन काढलेली मी एका प्रदर्शनात पाहिली आहेत.

उत्तर : नकाशावाला

एक किरकोळ भर. जन्मगावापुढे 'बिहार' लिहायचे की 'झारखंड', यावर मुलांत वाद होईल. १९४२ साली जारी बिहार प्रांतातील रांची जिल्ह्यात होते. १९८३ मध्ये गुमला जिल्हा वेगळा झाला आणि २००० मध्ये झारखंड राज्य झाले. म्हणून 'आजच्या झारखंडातील गुमला जिल्हा' असे लिहिणे सुरक्षित. २००० मध्येच त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील ज्या २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली त्यांत एक त्यांच्या नावाचे आहे. मुलांकडे लाल टिकली उरलीच असेल. ती तेथे लावता येईल.

उत्तर : कन्हानकाठ

टिकल्या दोन लागतील, कारण पहिली आजच आगरतळ्याच्या पश्चिमेला हलवली. 'कामठीत घडलेला जवान' याऐवजी मुलांनी आता 'ज्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या कामठीत आहे, त्या गार्ड्‌समधील जवान' असे लिहिले आहे. दानापूरचे नाव त्याखाली स्वतंत्र ओळीत येईल. लढाईसाठी मी त्यांना अर्धा तक्ता मोकळा ठेवायला सांगितला आहे.